मद्यमुक्तीच्या चिकित्सेत स्वमदत गटाचे स्थान

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास मद्यपी रुग्ण शोधत जावे लागत नाही. तो अम्लपित्ताची तक्रार घेऊन येतो, झोप लागत नाही म्हणून येतो, सकाळी हात कापतात म्हणून येतो, तर कधी यकृताच्या तपासणीचा अहवाल हाती घेऊन येतो. मद्याचा उल्लेख मात्र बहुधा तो स्वतः करीत नाही. केसपेपर लिहून झाल्यावर सोबत आलेली पत्नी हलक्या आवाजात तो करते. आपण भूम्यामलकी, कुटकी यांची योजना करतो, पथ्य सांगतो आणि ‘दारू सोडा’ असे बजावतो. रुग्ण मान डोलावतो. महिन्याभराने तो त्याच तक्रारी घेऊन पुन्हा समोर बसलेला असतो.

या रुग्णास मद्य वाईट आहे हे ठाऊक नसते असे नाही. पगाराच्या दिवशी, सेकंड शिफ्ट सुटल्यावर, सोबतचे चौघे ‘बसायला’ निघाले असता आपण काय करावे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. त्या वेळी वैद्य जवळ नसतो आणि औषधाची मात्राही उपयोगी पडत नाही. तेथे उपयोगी पडतो तो त्याच वाटेने गेलेला आणि परत आलेला माणूस. अशी माणसे जेथे नियमाने एकत्र येतात त्या स्वमदत गटांच्या सभांचा आपल्या चिकित्सेत डोळसपणे समावेश कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राचा आधार

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मदात्ययाचे विवेचन आहे. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध असल्याने मद्य हृदयस्थ ओजाचा क्षोभ करते, हा तेथील मूळ विचार आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. त्याच अध्यायातील दोन गोष्टींकडे मात्र व्यवहारात आपले लक्ष कमी जाते.

पहिली गोष्ट ध्वंसक आणि विक्षय या व्याधींची. मद्य सोडलेल्या मनुष्याने एकाएकी पुन्हा अतिमात्रेत मद्य घेतले असता हे विकार होतात आणि आधीच क्षीण झालेल्या देहात ते अत्यंत दुश्चिकित्स्य ठरतात, असे आचार्यांनी नोंदविले आहे. म्हणजेच मद्य सोडणाऱ्याचे पाऊल पुन्हा घसरू शकते, आणि ते घसरणे पहिल्या व्याधीपेक्षा अधिक घातक असते, हे त्यांनी पाहिलेले होते. दुसरी गोष्ट हर्षणी क्रियेची. मनाचा क्षोभ आणि शरीराचा उपघात यांवाचून मदात्यय होत नाही, म्हणून मनास प्रसन्नता देणारी क्रिया चिकित्सेचा भाग मानली आहे.

सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे त्रिविध औषध सांगितले आहे. मानस व्याधीच्या उपचारात तेथेच ‘तद्विद्यसेवा’ हा शब्द येतो. त्या विषयाच्या जाणकारांचा सहवास, असा त्याचा अर्थ. मद्यासक्तीच्या बाबतीत तद्विद्य कोण, याचे उत्तर आपण सामान्यतः ‘वैद्य’ असे देतो. माझ्या मते, ज्याने स्वतः मद्याचा पाश अनुभवला आणि जो त्यातून बाहेर पडून काही वर्षे टिकून आहे, तो या बाबतीत वैद्याइतकाच तद्विद्य होय.

प्रज्ञापराधाच्या विवेचनात धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश सांगितला आहे. मद्य सोडून सहा महिने झालेल्या रुग्णाची पहिली जाते ती स्मृती. गटारीच्या कडेला काढलेली रात्र, मोडलेले मंगळसूत्र, नोकरीवरून मिळालेली नोटीस यांची धार बोथट होते आणि ‘आता एखादा पेग चालेल’ हा विचार डोके वर काढतो. सभेत दर आठवड्यास नवा माणूस येऊन स्वतःची कहाणी सांगतो, तेव्हा जुन्याची स्मृती पुन्हा जागी होते. स्मृतीवरची ही चिकित्सा कोणत्याही मेध्य रसायनाने एकट्याने साधेल असे वाटत नाही.

सभेचे स्वरूप

या गटांपैकी सर्वाधिक प्रसार झालेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अर्थात ‘एए’. त्याचा आरंभ वैद्यकाशी निगडित आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी व्यवसायाच्या कामासाठी आलेल्या बिल विल्सन यांचा व्यवहार फिसकटला. नुकतेच मद्य सोडलेल्या या गृहस्थास पुन्हा पिण्याची तीव्र इच्छा झाली. त्या वेळी त्यांनी बोलण्यासाठी दुसऱ्या मद्यपीचा शोध घेतला आणि त्यांची भेट डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी घडली. डॉ. स्मिथ यांना शरीरावरील मद्याचे सर्व परिणाम विद्येने ठाऊक होते, तरीही त्यांचे पिणे सुटत नव्हते. एका समदुःखी माणसाच्या संवादाने ते सुटले. १० जून १९३५ हा एएचा स्थापनादिन मानला जातो. भारतात हे कार्य १९५७ च्या सुमारास मुंबईत रुजले आणि तेथून महाराष्ट्रभर पसरले.

सभा साधारण तास-दीड तास चालते. पालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह अशी साधी जागा असते. सदस्यत्वासाठी मद्य सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. शुल्क नाही, नोंदणीचा अर्ज नाही. सदस्य स्वेच्छेने देतील त्या पैशांत खर्च भागतो आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही. आडनाव, जात, हुद्दा विचारला जात नाही. एकेक जण उठून आपला अनुभव सांगतो. इतरांनी मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, असा प्रघात असतो. ‘जन्मभर पिणार नाही’ अशी शपथ कोणी घेत नाही. केवळ आजचा दिवस मद्याविना काढायचा, एवढाच निश्चय असतो. जुना सदस्य नव्याचा ‘स्पॉन्सर’ होतो आणि अवेळी आलेला त्याचा फोन घेतो.

काही सभा खुल्या असतात, त्यांस नातेवाईक व वैद्यही बसू शकतात. काही बंद असतात, त्या केवळ मद्यपींसाठी असतात. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन हा स्वतंत्र गट १९५१ पासून कार्यरत आहे.

आपल्या परिसराचे भाग्य असे की, या विचारास पुण्यात संस्थात्मक रूप मिळाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात कार्यरत असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या पाठबळाने १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे निवासी उपचारांइतकेच महत्त्व नंतरच्या पाठपुराव्यास दिले गेले. व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णमित्रच तेथे पुढे कार्यकर्ते झाले आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. व्यसनी माणसाच्या घरातील स्त्रीलाही चिकित्सेची गरज असते, ही जाणीव आपल्यापैकी प्रत्येकाने त्यातून घेण्यासारखी आहे.

परिणामाचा पुरावा

केवळ श्रद्धेवर विसंबून रुग्णास कोठे पाठवावे, असे आधुनिक काळात कोणी म्हणणार नाही. २०२० साली ‘कॉक्रेन’ या संस्थेने एए व त्यास जोडून देणाऱ्या उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात २७ अभ्यास व १०,५६५ रुग्णांचा समावेश होता. या सभांकडे पद्धतशीरपणे वळविलेल्या रुग्णांत एका वर्षानंतर पूर्ण मद्यमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्के, तर इतर प्रस्थापित मानसोपचार घेतलेल्यांत ते ३५ टक्के आढळले. यातील ‘पद्धतशीरपणे वळविलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सभेचे नाव नुसते उच्चारणे आणि रुग्णाची सभेशी प्रत्यक्ष गाठ घालून देणे यांत फरक आहे.

आपल्या देशात ही गाठ क्वचितच घातली जाते. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेला पाहणी अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींमागे केवळ एकीस कोणत्यातरी स्वरूपाचे उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ जणांपैकी कित्येक जण अम्लपित्ताची चूर्णे घेण्यासाठी आपल्याच दारी येत असतील.

पाठविण्यापूर्वीची दक्षता

सभा ही तातडीच्या चिकित्सेस पर्याय नाही. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या रुग्णाने एकाएकी मद्य बंद केले तर सहा ते चोवीस तासांत कंप, स्वेद, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांदरम्यान भ्रम, प्रलाप, तीव्र ज्वर अशी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. पूर्वी झटके आलेला, सकाळी उठताच मद्य लागणारा, कावीळ वा जलोदर असलेला, रक्ताची उलटी झालेला रुग्ण बाह्यरुग्ण विभागात ठेवून घेऊ नये. त्यास मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारखे मोठे सार्वजनिक रुग्णालय जवळ आहे. अशा रुग्णास थायामिन दिल्यावाचून ग्लुकोजची सलाईन लावणे मेंदूस घातक ठरू शकते, हेही ध्यानी असावे. अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडण्याचा चरकोक्त पादांशिक क्रम येथे घरच्या घरी योजणे धोक्याचे आहे, कारण मात्रेवर ताबा राहत नाही हेच या व्याधीचे लक्षण होय.

निवासी केंद्राची शिफारस करतानाही चौकशी करावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांचा अंतर्भाव आहे. जेथे रुग्णास कोंडून, मारझोड करून ‘सुधारले’ जाते अशा बिगरनोंदणीकृत ठिकाणी रुग्ण पाठविणे सर्वथा अनुचित आहे.

सभेची चिठ्ठी

आपण औषध लिहिताना मात्रा, काल आणि अनुपान लिहितो. सभाही तशीच लिहून द्यावी. ‘कुठेतरी एएला जा’ असे सांगितलेला रुग्ण बहुधा जात नाही. चिठ्ठीवर पुढील गोष्टी असाव्यात.

१. वार, वेळ आणि ठिकाण. गटांच्या जागा व वेळा बदलतात, म्हणून चिठ्ठी देण्याच्या दिवशी गटाच्या दूरध्वनीवर खात्री करून घ्यावी. एएच्या भारतातील संकेतस्थळावर गटांची माहिती मिळते. शासनाच्या १४४४६ या व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर, तसेच ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

२. शिफ्टचा विचार. आपला रुग्ण दर आठवड्यास पाळी बदलणारा कामगार असतो. सायंकाळची सभा सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्यास साधत नाही. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून गुरुवारी भरणारी एखादी सभा मिळाल्यास ती मुख्य मानावी आणि अन्य दिवसांसाठी दुसरा गट शोधून ठेवावा. २०२० पासून मराठी व हिंदीतील ऑनलाइन सभाही रूढ झाल्या आहेत. चाकणला खोली घेऊन राहणाऱ्या, गाव दूर असलेल्या कामगारास त्या फार उपयोगी पडतात.

३. सोबत. पहिल्या सभेस एकट्याने जाणे कठीण असते. गटातील सदस्य दवाखान्यात किंवा नाक्यावर येऊन नव्या माणसास सोबत नेण्यास आनंदाने तयार असतात. शक्यतो रुग्ण समोर बसलेला असतानाच, त्याच्या संमतीने, त्या सदस्याशी फोनवर गाठ घालून द्यावी.

४. मात्रा. आरंभी तीन महिने शक्य तितक्या अधिक सभा. नव्वद दिवसांत नव्वद सभा हा एएतील जुना संकेत आहे. तो न जमल्यास आठवड्यास किमान दोन. एका सभेवरून मत बनवू नये, निरनिराळ्या गटांच्या पाच-सहा सभा अनुभवाव्यात, हे आधीच सांगून ठेवावे.

५. पुनर्भेट. पुढच्या भेटीत नाडी पाहण्यापूर्वी ‘सभेस गेलात का, तेथे काय ऐकलेत’ असे विचारावे.

आपण स्वतः एकदा खुल्या सभेस बसून यावे, ही माझी सर्वांना विनंती आहे. जी वाट आपण पाहिलेली नाही तिची चिठ्ठी खात्रीने लिहिता येत नाही.

माझ्याकडे येणारा चाकणच्या एका कारखान्यातील प्रेस ऑपरेटर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) रुग्णालयातून मद्यमुक्त होऊन आल्यावर चार महिने सभेस जात होता. दिवाळीचा बोनस हाती आला त्या रात्री तो प्याला आणि लाजेने दवाखान्यात येईनासा झाला. दुसऱ्या सायंकाळी गटातील दोघे जण त्याच्या खोलीवर गेले. त्यांनी उपदेश केला नाही. एकाने स्वतः किती वेळा घसरलो ते सांगितले आणि त्यास उठवून सभेस नेले. तेथे त्याने पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजणी सुरू केली. आज तिसरे वर्ष चालू आहे. यंत्रावर हात कापला तर बोटे जातात, अशा कामावर तो आहे. त्याची दहाही बोटे शाबूत आहेत, हे मी त्या दोघांचे श्रेय मानतो.

औषधालय चालकांसाठी

मद्यमुक्तीच्या वाटेवरील रुग्णास आसव-अरिष्ट देऊ नये. संधानाने तयार होणाऱ्या या कल्पांत साधारणतः ५ ते १२ टक्के स्वयंजनित मद्यार्क असतो. निरोगी माणसास चार चमचे द्राक्षारिष्टाने काही होत नाही. मद्य सोडलेल्याच्या बाबतीत मात्र त्या चवीने व गंधाने सुप्त इच्छा जागी होण्याचा धोका असतो. शिवाय अनेक रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली डायसल्फिरामची गोळी घेत असतात. तिच्यावर मद्यार्क पोटात गेल्यास चेहरा लाल होणे, वांत्या, हृदयाची धडधड, रक्तदाब उतरणे अशी गंभीर प्रतिक्रिया उमटते. शेवटच्या गोळीनंतर सुमारे दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. दशमूलारिष्टाऐवजी दशमूल क्वाथ, सारस्वतारिष्टाऐवजी सारस्वत चूर्ण, द्राक्षारिष्टाऐवजी मनुकांचा फांट असे पर्याय आपल्या शास्त्रात विपुल आहेत. अश्वगंधादी चूर्णे योजताना यकृताची स्थिती पाहून घ्यावी. मद्यार्कयुक्त खोकल्याच्या औषधांसही हाच नियम लागू आहे.

एकच गिऱ्हाईक दर दोन दिवसांनी आसवाची मोठी बाटली नेत असेल तर ती विक्री नसून लक्षण आहे, असे समजावे. तसेच ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. घटकद्रव्ये अज्ञात असलेले औषध जेवणात कालवून देणे धोक्याचे तर आहेच, शिवाय ते उघडकीस आल्यावर पती-पत्नीतील उरलासुरला विश्वासही संपतो. त्याऐवजी गल्ल्याजवळ दोन्ही मदतवाहिन्यांचे क्रमांक आणि जवळच्या सभेची वेळ लिहिलेला फलक लावावा. विचारण्यास संकोचणारा माणूस फलक वाचतो.

काही शंका

‘हे परकीय आहे, आपल्या लोकांना मानवणार नाही’ अशी एक शंका घेतली जाते. देहू आणि आळंदी आपल्या शेजारी आहेत. ‘त्याने माळ घातली’ म्हणजे त्याने दारू सोडली, हा अर्थ खेड-मावळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माळकऱ्यास टिकवून धरते ती त्याची भजनी मंडळी, त्याची संगत. सभेचे मर्म याहून निराळे नाही. ज्याचे मन वारीत रमते त्यास माळ घालण्यापासून परावृत्त करण्याचे कारण नाही. मात्र माळ घालूनही ज्याचे पाऊल घसरले तो लाजेने मंडळीत परतत नाही, असे पुष्कळदा दिसते. सभेत घसरलेल्यासाठी खुर्ची राखलेली असते. म्हणून माळ आणि सभा दोन्ही असाव्यात.

एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, याविषयीही काही रुग्ण अडखळतात. तेथे प्रत्येकाने आपल्या आकलनाप्रमाणे उच्च शक्ती मानावी, एवढीच अपेक्षा असते. नास्तिकही गटाच्या सामर्थ्यालाच ती शक्ती मानून वर्षानुवर्षे मद्यमुक्त राहिलेले आहेत.

‘कंपनीत कळले तर नोकरी जाईल’ ही कंत्राटी कामगाराची भीती खरी आहे. सभेतील अनामिकता त्याच्यासाठीच आहे. तीच मर्यादा आपणही पाळावी. रुग्णाच्या संमतीवाचून ठेकेदारास, सुपरवायझरास वा शेजाऱ्यास काहीही सांगू नये. जेथे कामगार कल्याण अधिकारी विश्वासू असेल आणि रुग्णाची इच्छा असेल, तेथे पाळी सोयीची करून घेण्यासाठी त्याच्याशी बोलता येते.

समारोप

सर्व मद्यांपासून निवृत्त झालेल्या जितेंद्रिय मनुष्यास मद्यजन्य शारीर व मानस विकार स्पर्श करीत नाहीत, असे चरकाचार्यांनी मदात्ययाच्या अध्यायात म्हटले आहे. त्या निवृत्तीपर्यंत रुग्णास एकट्याने चालावे लागू नये, हे पाहणे आपल्या हाती आहे. आपल्या संघटनेच्या प्रत्येक विभागीय शाखेने आपल्या हद्दीतील सभांचे वार, वेळ व ठिकाण यांची एक पानाची यादी करावी, दर तीन महिन्यांनी ती तपासावी आणि सभासदांच्या दवाखान्यांत व औषधालयांत पोहोचवावी, अशी सूचना करून हा लेख संपवितो. त्यासाठी एका सभासदाची एक सायंकाळ पुरेशी आहे.